भिंतीआड जाणारा पाइप कसा निवडायचा?

खालच्या मजल्यावरच्या बाथरूमच्या छताला आधी पिवळट कडेचा डाग येतो. मग रंगाचे पोपडे सुटतात, मग थेंब पडायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो आणि वरच्या फ्लॅटमध्ये फोन जातो. वरचे म्हणतात, "आमच्याकडे तर कुठेच पाणी दिसत नाही." ते खरंच बोलत असतात. गळती टाइल्सच्या मागे असते, तिथे कुणालाच दिसत नाही.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या सामाईक पाइपांची दुरुस्ती सोसायटीने करायची, पण फ्लॅटच्या आतल्या संडास, सिंक वगैरेंतून होणारी गळती त्या सभासदाने स्वतःच्या खर्चाने थांबवायची. म्हणजे आज भिंतीत जो पाइप गाडाल, त्याची जबाबदारी फ्लॅट आहे तोवर तुमची. तरीही नूतनीकरणात टाइल्सच्या रंगावर महिनाभर चर्चा होते आणि पाइप मात्र हार्डवेअरच्या दुकानात पाच मिनिटांत ठरतो. या लेखात तो निर्णय नीट कसा घ्यायचा ते पाहू.

पाइपला खरा त्रास कशाचा?

बहुतेकांना वाटतं, दाबाचा. आधी दाब समजून घेऊ. प्लंबर दाब 'किलो'मध्ये मोजतात. एक किलो दाब म्हणजे एक चौरस सेंटिमीटरवर, साधारण करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर, एक किलोचं वजन. पाण्याची उंची दहा मीटर असली की तळाशी एक किलो दाब मिळतो. सात मजली इमारतीत गच्चीवरची टाकी तळमजल्याच्या नळापेक्षा 22-23 मीटर वर असेल, तर तिथे सव्वादोन किलोच्या आसपास दाब येईल. सर्वांत वरच्या मजल्यावर तो जेमतेम 0.3 किलो असतो, म्हणून तिथे शॉवर रडतो.

आता पाइपाची ताकद बघा. आज घरांमध्ये सर्रास वापरला जाणारा सीपीव्हीसी हा प्लॅस्टिकचा पाइप, त्यातला पातळ वर्गही, 23 अंश तापमानाला 22.5 किलो दाब धरतो. गरजेच्या दहापट. थंड पाण्याच्या नुसत्या दाबाने चांगला पाइप फुटत नाही.

पण हाच पाइप 82 अंशांना फक्त 5.6 किलो धरतो. उष्णता चढली की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि त्याची ताकद एक चतुर्थांशावर येते. म्हणून पहिला शत्रू उष्णता. दुसरा, आणि माझ्या मते सर्वांत मोठा, शत्रू म्हणजे जोड. एका साध्या बाथरूमचा हिशेब करा: गीझरचे दोन पॉइंट, डायव्हर्टरचे (शॉवर आणि नळ यांत पाणी वळवणाऱ्या, भिंतीत बसणाऱ्या मिक्सरचे) दोन, शॉवरचा एक, बेसिनचे दोन, कमोडचा एक, हेल्थ फॉसेटचा एक, बादलीच्या नळाचा एक. हे झाले दहा. प्रत्येक एल्बोला (काटकोनी वळणाला) दोन जोड, प्रत्येक टीला (तीन तोंडांच्या फाट्याला) तीन. सगळे मिळून पन्नास-साठ जोड त्या एका खोलीच्या भिंतींत जातात. पाइप कारखान्यात बनतो, तिथे त्याची तपासणी होते. जोड मात्र तुमच्या घरात, धुळीत, उकिडवं बसून केला जातो. त्यामुळे 'कोणता पाइप?' या प्रश्नाचा खरा अर्थ आहे 'कोणता जोड?' आणि 'भिंतीत किती जोड?'

जीआय: जुनं ते सोनं?

जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. त्याचे तीन वर्ग असतात: पिवळ्या पट्ट्याचा हलका, निळ्या पट्ट्याचा मध्यम आणि लाल पट्ट्याचा जड. अनेक जुन्या इमारतींत तो तीस-चाळीस वर्षं टिकलाय आणि त्यावर विश्वास असणारे प्लंबर आजही भेटतात. त्याची ताकद खरी आहे. खिळा सहज घुसत नाही, उष्णतेने मऊ पडत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. जोड करताना पाइपाच्या टोकाला आटे पाडतात, तेव्हा नेमका तिथला जस्ताचा थर निघतो आणि भिंतही पातळ होते. भिंतीतला ओलावा लागला की गंज तिथूनच सुरू होतो. दुसरी अडचण बोअरवेल आणि टँकरच्या जड पाण्याची. असं पाणी तापलं की त्यातले क्षार आत पापुद्र्यासारखे बसतात. चहाच्या भांड्याला पांढरा थर बसतो ना, तसाच. गंजलेल्या खरबरीत पृष्ठभागावर तो आणखी घट्ट धरतो आणि अर्ध्या इंचाच्या लाइनचं भोक पेन्सिलीएवढं होतं. उघड्या लाइनला जीआय आजही चालेल, पण नव्या बाथरूमच्या भिंतीत मी तो सुचवणार नाही.

सीपीव्हीसी: आजचा सर्रास पर्याय

पिवळसर, साईच्या रंगाचा हा पाइप. साध्या पीव्हीसीमध्ये क्लोरीनचं प्रमाण वाढवून तो गरम पाण्यासाठी बनवतात. त्याचं भारतीय मानक आयएस 15778. विकत घेताना पाइपवरची छपाई वाचा: आयएसआयची खूण, मानकाचा क्रमांक, आकार आणि 'एसडीआर'.

एसडीआर हा शब्द दुकानदार सहसा समजावत नाही, पण तो सोपा आहे. पाइपाच्या बाहेरच्या व्यासाला भिंतीच्या जाडीने भागायचं. आकडा जितका लहान, तितकी भिंत जाड. पाऊण इंची पाइपाचा बाहेरचा व्यास 22.2 मिमी असतो. एसडीआर 11 मध्ये त्याची भिंत दोन मिमीच्या वर भरते, एसडीआर 13.5 मध्ये साधारण 1.7 मिमी. वर ज्याचे आकडे दिले तो 13.5. एसडीआर 11 हा 23 अंशांना 28 किलो आणि 82 अंशांना 7 किलो धरतो.

उघड्या थंड लाइनला 13.5 पुरतो. भिंतीत मात्र एसडीआर 11 च टाका, गरम आणि थंड दोन्हींना. एका बाथरूमला तीन मीटरच्या पाच-सहा कांड्या लागतात. एवढ्या पाइपांमागे जो फरक पडतो, तो टाइलच्या एका खोक्याच्या किमतीच्या आसपास असतो. जाड भिंतीचा फायदा दाबापुरताच नाही. झिरीत, म्हणजे भिंतीत खोदलेल्या खाचेत, पाइप बसवताना छिन्नीचा निसटता घाव बसतो, त्यावरून वाळूची पाटी सरकते, गवंडी पाय देतो, हे सगळं तो सोसतो.

सीपीव्हीसीचा दोष म्हणजे तो ठिसूळ असतो. टेम्पोतून फेकला तर टोकाला केसासारखी चीर जाते आणि ती पटकन दिसत नाही. प्रत्येक कांडीची टोकं उजेडात फिरवून बघा. चीर दिसली तर ती संपते तिथून आणखी इंचभर पुढे कापून टाका. कांड्या उन्हात ठेवू नका.

पीपीआर: जोड वितळवून एकजीव

हा बहुधा हिरवा किंवा पांढरा, जाड भिंतीचा पाइप. मानक आयएस 15801. यात सीपीव्हीसीच्या जोडाला लावतात तसं सोल्युशन (द्रावण) नाही. पाइप आणि फिटिंग 260 अंशांच्या साच्यावर एकाच वेळी तापवतात आणि एकमेकांत सरकवतात. 20 मिमीच्या पाइपला पाच सेकंद, 25 मिमीला सात. त्यानंतर जोडायला हातात चार सेकंद असतात आणि थंड व्हायला दोन मिनिटं. नीट झाला तर हा जोड राहतच नाही, तो तुकडा एकसंध होतो.

"मग पीपीआरच सर्वांत चांगला ना?" कारागीर सरावलेला असेल तर हो, उत्तम. पण दोन-तीन सेकंद जास्त तापवलं की वितळलेलं प्लॅस्टिक आत गोळा होतं आणि भोक अर्धं बुजतं. बाहेरून जोड सुंदर दिसतो, आणि महिन्याभराने शॉवरला धार का नाही हे कुणाला कळत नाही. शिवाय तापवायचं मशीन झिरीत घुसत नाही, त्यामुळे बरेच जोड बाहेर करून तयार सांगाडा भिंतीत बसवावा लागतो. उद्या दुरुस्ती निघाली तर मशीन शिरेल एवढी भिंत फोडावी लागेल.

पीपीआर उष्णतेने प्रसरणही जास्त पावतो. तीन मीटरची गरम लाइन 25 अंशांवरून 60 वर गेली तर सीपीव्हीसी सुमारे 6 मिमी वाढायला बघतो, पीपीआर जवळजवळ 16 मिमी. पावसाळ्यात फुगलेलं लाकडी दार चौकटीत अडकतं, तसा हा पाइप प्लास्टरमध्ये अडकतो आणि सगळा ताण कोपऱ्यांतल्या एल्बोंवर येतो. म्हणून पाइप कोणताही असो, गरम लाइनवर फोमची नळी चढवा आणि एल्बोही फोमने गुंडाळा. पाइपला हलायला जागा मिळते आणि गीझरचं पाणीही वाटेत कमी निवतं.

कॉम्पोझिट: कमी जोड, महागडी फिटिंग

आत-बाहेर प्लॅस्टिक आणि मध्ये ॲल्युमिनियमचा पातळ थर असा हा पाइप. गुंडाळीत येतो, वळवला की वळलेलाच राहतो. एका वाटप-पेटीतून प्रत्येक नळाला वेगळी अखंड नळी नेली तर भिंतीत मधे एकही जोड येत नाही. तत्त्व म्हणून मला ही पद्धत सर्वांत आवडते. पितळी फिटिंग महाग असते, दाबून बसवायचं यंत्र प्रत्येक प्लंबरकडे नसतं आणि लहान गावात सुटा भाग पटकन मिळत नाही, म्हणून ती फारशी दिसत नाही. वापरणार असाल तर गरम पाण्याचा प्रकारच घ्या, आणि पान्याने आवळायची फिटिंग भिंतीत गाडू नका. ती काळाने सैल होते.

थंड लाइनला स्वस्त यूपीव्हीसी चालेल ना?

यूपीव्हीसी म्हणजे साधा कडक पीव्हीसी. साधारण 45 अंशांच्या पुढे त्याचं काम नाही. थंड पाण्याला पुरेसा आहे, असं वाटतं. पण बाथरूममध्ये 'थंड' लाइन कायम थंड राहत नाही.

गीझर तापला की आतलं पाणी फुगतं. थंडच्या तोंडाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे न सोडणारी झडप) नसेल किंवा तो खराब झाला असेल, तर गरम पाणी मागे थंड लाइनमध्ये सरकतं. दुसरी वाट मिक्सरमधून. मिक्सरचे दोन्ही बाजूंचे नळ उघडे ठेवून टोकाशी हातातल्या शॉवरचं बटण बंद केलं, की गरम आणि थंड लाइन आतून जोडल्या जातात. जिकडे दाब जास्त तिकडून पाणी दुसरीकडे ढकललं जातं. दोन-चार वर्षं रोज असं झालं की यूपीव्हीसीचा जोड हळूहळू सैलावतो. बाथरूमच्या चार भिंतींत दोन्ही लाइन एकाच गरम दर्जाच्या पाइपाच्या असू द्या. यूपीव्हीसी गच्चीवरून खाली येणाऱ्या थंड लाइनला वापरा.

वीस म्हणजे वीसच नव्हे

इथे फार लोक फसतात. सीपीव्हीसीमध्ये '20 मिमी' म्हणजे पाऊण इंची पाइप, एसडीआर 11 ला आतलं भोक साधारण 18 मिमी. पीपीआरमध्ये '20 मिमी' हा बाहेरचा व्यास. पीएन 20 या जाड वर्गात त्याचं आतलं भोक जेमतेम 13 मिमी, म्हणजे सीपीव्हीसीच्या अर्ध्या इंचीएवढं. सीपीव्हीसीच्या 20 च्या जागी पीपीआर घ्यायचा तर 25 मिमीचा घ्यावा लागतो.

पाऊण इंचीचं भोक अर्ध्या इंचीच्या दुप्पट क्षेत्रफळाचं असतं. म्हणून बाथरूममध्ये फिरणारी मुख्य लाइन आणि डायव्हर्टरपर्यंतची लाइन पाऊण इंची ठेवा. बेसिन, कमोड, हेल्थ फॉसेट यांच्या फांद्या अर्ध्या इंची पुरतात. वरच्या मजल्यावर टाकी डोक्यावर लगेच असेल तर मुख्य लाइन एक इंची घ्या.

सोल्युशन म्हणजे गोंद नव्हे

पंक्चर काढताना सोल्युशन लावून ते थोडं सुकू देतात आणि मग पॅच चिकटवतात. सीपीव्हीसीला नेमकं उलटं. हे द्रावण दोन्ही पृष्ठभाग मऊ करतं आणि ते ओले असतानाच एकमेकांत मिसळायला हवेत. सुकू दिलं की जोड गेला.

योग्य पद्धत अशी. पाइप काटकोनात कापा. आतल्या-बाहेरच्या कडेची कूस काढा, नाहीतर ती कड आत जाताना द्रावण खरवडून पुढे लोटते. कोरडा बसवून बघा: पाइप फिटिंगमध्ये सहज जाऊन एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर अडकला पाहिजे. तळाशी खडखडत गेला तर फिटिंग वेगळ्या मापाची आहे. दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा. पाइपला भरपूर आणि फिटिंगला पातळ थर लावा. पाव फेरा फिरवत तळापर्यंत घाला आणि अर्धा मिनिट दाबून धरा, कारण सोडलं की पाइप मागे सरकतो. बाहेर सगळीकडे सलग कड दिसली तर जोड भरला. द्रावण सीपीव्हीसीचंच हवं, यूपीव्हीसीच्या डबीतलं नको. डबीत ते घट्ट जेलीसारखं झालं असेल तर पातळ करू नका, फेकून द्या. दाबाची चाचणी चोवीस तासांनी.

नळाच्या तोंडाशी: पितळी एल्बो

भिंतीतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक पॉइंटला पितळी आट्यांचा एल्बो लावा. प्लॅस्टिकच्या आट्यांत धातूचा नळ आवळला की ते तडकतात, आणि तडा नेमका टाइलच्या मागे जातो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने सहा-आठ वेढे पुरतो. पितळ आहे म्हणून पाइप पान्याला लोंबकळून आवळू नका, आतला पितळी भाग प्लॅस्टिकमध्ये फिरतो आणि मग पाणी त्या दोघांच्या मधून झिरपतं. जीआयच्या सवयीने धागा आणि सफेदा लावणाऱ्यांना इथे थांबवा. त्यातलं तेल सीपीव्हीसीला हळूहळू कमकुवत करतं.

एल्बोचं तोंड तयार टाइलच्या पृष्ठभागाशी बरोबर यायला हवं. प्लास्टर, चिकटवण आणि टाइल मिळून किती जाडी होणार हे गवंड्याला आधी विचारा. तोंड आत राहिलं तर एक्स्टेन्शन निपल लावावा लागतो, म्हणजे आणखी एक जोड, तोही भिंतीत. कन्सील्ड डायव्हर्टरच्या बॉडीवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीच्या खुणा असतात. टाइलचा पृष्ठभाग त्या दोन खुणांच्या मधे आला नाही तर नंतर वरची प्लेट बसत नाही.

झिरी किती खोल?

इथे प्लंबिंगचा इमारतीशी संबंध येतो. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून आणि आडवी एक षष्ठांशाहून खोल नसावी, असा ढोबळ नियम आहे. चार इंची भिंतीत आडवी झिरी सतरा मिलिमीटरच्या आत राहायला हवी. पाऊण इंची पाइपच बावीस मिमीचा! मग तो आडवा बसवायचा कुठे?

उत्तर आहे छताखाली. मुख्य लाइन फॉल्स सीलिंगच्या वरून क्लॅम्पवर फिरवा आणि प्रत्येक पॉइंटला सरळ उभी खाली उतरवा. भिंत वाचते. बहुतेक टी वर, पॅनेल सरकवून हात पोहोचेल अशा जागी राहतात. खिळे ठोकतानाही पाइप कुठे असेल ते कळतं: नळाच्या सरळ वर. बेसिनचे पॉइंट मात्र आरसा आणि कपाटाच्या रेषेत येणार नाहीत असे बघा. कॉलम आणि बीममध्ये झिरी कधीच मारू नका. आणि दाबाची लाइन जमिनीखालच्या कोब्यात पुरू नका. तिथली गळती वॉटरप्रूफिंगच्या थरावर साचते आणि भलत्याच कोपऱ्यातून खाली उतरते.

सांडपाण्याचे पाइप हा स्वतंत्र विषय आहे. इथे एवढंच सांगतो की ते एसडब्ल्यूआर (सांडपाण्यासाठी आणि पावसाच्या पाण्यासाठी बनवलेल्या पीव्हीसी पाइपांतले) टाइप बी चेच घ्या. टाइप ए पावसाचं पाणी आणि हवेसाठी असतो.

सोलर असेल तर?

एप्रिल-मेमध्ये घर चार दिवस बंद राहिलं तर सोलरच्या टाकीतलं पाणी 80 अंशांच्याही पुढे जाऊ शकतं. टाकीपासूनची पहिली लाइन धातूची आणि आवरण घातलेली ठेवा. थंड पाणी मिसळून तापमान उतरवणारा व्हॉल्व्ह लावा आणि त्याच्यापुढे सीपीव्हीसी सुरू करा. हा व्हॉल्व्ह लहान मुलांना आणि वयस्कांना भाजण्यापासूनही वाचवतो.

टाइल लावण्याआधीची चाचणी

झिऱ्या उघड्या असतानाच चाचणी करा. गीझर लावू नका. सगळे पॉइंट प्लगने बंद करा आणि मिक्सरच्या जागी गरम-थंड एका लवचीक नळीने जोडा, म्हणजे दोन्ही लाइन एकदम तपासल्या जातील. हळू पाणी भरा आणि सर्वांत वरचा प्लग सैल करून हवा काढा. मग हातपंपाने दहा किलो दाब द्या. डायव्हर्टरची बॉडी आधीच बसवली असेल तर तिची मर्यादा पत्रकात बघून घ्या. पंपाची झडप बंद करून दाबमापकाच्या काट्याचा फोटो काढा. दोन तासांनी काटा जागच्या जागी असला पाहिजे, रात्रभर ठेवलं तर अधिक चांगलं. तासाभरात एक-दोन किलो उतरला तर प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा, ओला होईल तिथे दोष. गळका जोड बाहेरून लेप लावून सुधारत नाही, तो कापून नवाच करावा लागतो.

आणि चाचणी संपली तरी दाब सोडून देऊ नका. तीन-चार किलोवर ठेवा आणि काटा टाइलवाल्याचं काम संपेपर्यंत तिथेच राहू द्या. त्याच्या ड्रिलने किंवा खिळ्याने पाइपला भोक पडलं तर काटा त्याच क्षणी पडेल. तेव्हा एकच टाइल काढावी लागते.

झिऱ्या बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा सरळ समोरून फोटो घ्या. जमिनीपासून आणि एका कोपऱ्यापासून मोजपट्टी उघडून भिंतीला लावलेली फोटोत दिसली पाहिजे. टॉवेलची दांडी, एक्झॉस्टचा स्विच, गीझरचे हूक, सगळ्याची भोकं त्या फोटोवर मोजूनच पाडायची. फोटोंची एक प्रत प्लंबरच्या बिलासोबत फ्लॅटच्या कागदपत्रांत ठेवा. फ्लॅट विकला तर ते फोटो नव्या मालकाला द्या.